डोलकाठी आडवी ठेवताना

पहिलीच शिडाची होडी, अभिनंदन! पावसाळ्याआधी दोनापावलाहून म्हापशाला नेणार असाल, तर आधी डोलकाठीकडे बघा. नवखे ती दोन टोकांवर टेकवतात आणि मधला भाग अधांतरी सोडतात. मग प्रत्येक गतिरोधकाला काठी धनुष्यासारखी लवते. निदान तीन टेकू द्या, तिन्ही एका पातळीत. मधला उंच झाला तरी काठी वाकतेच. दोरी ताणून तपासा.

टेकूवर रबर लावा. मी पहिल्या वर्षी जुना गालिचा गुंडाळला होता. खारं पाणी प्यायलेला तो गालिचा पावसाळाभर ओलाच राहिला आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडले. म्हणून काठी आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा.

आणखी थोडं:
- काठीला उभं धरणाऱ्या तारा सैल सोडू नका, वाटेत काठीला घासतात.
- ट्रेलरबाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधा.
- ताडपत्री काठीवरून टाकलीत तर उतार चांगला द्या. आपल्या जुलैत पाणी साचलं की सगळं वजन काठीवर.
- काठी उतरवण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको.

काठीच्या तारांचा ताण वगैरे ऑक्टोबरात बघू.