कवडी नेमकी राहते कुठे?

प्रश्न : आजीच्या सारीपाटाच्या डब्यात जुन्या कवड्या आहेत. काही पिवळसर आणि कंगोरेदार आहेत, तर काहींच्या पाठीवर केशरी कडे दिसते. त्यांना कोणी पॉलिश केले असेल का? दिवेआगरला दोन दिवस शोधूनही आम्हांला अशी एकही का सापडली नाही? त्या लिंबाने स्वच्छ कराव्यात का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपल्या डब्यात ‘मोनेटारिया’ या एकाच प्रजातीतील दोन जाती दिसतात. कंगोरेदार ती ‘मोनेटारिया मोनेटा’ आणि केशरी कड्याची ती ‘मोनेटारिया अ‍ॅन्युलस’. दोन्हींचे नामकरण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये केले.

या चकाकीला माणसाचा हात लागलेला नाही. जिवंत कवडीच्या कवचावर प्रावार नावाचा मऊ, मांसल पडदा दोन्ही बाजूंनी चढून पाठीवर जवळजवळ मिळतो आणि तोच चुन्याचे नवे थर देत राहतो, त्यामुळे इतर शंखांप्रमाणे त्यावर शेवाळ किंवा खरखरीत पापुद्रा साचत नाही. पिल्लाचे कवच पातळ, रुंद तोंडाचे आणि वेटोळे असते. पुढे त्याची कड आत वळते, जाड होते आणि तिला दात येतात. त्यानंतर कवडीची लांबी फारशी वाढत नाही.

ती दिवेआगरला सापडली नाही, यात नवल नाही. तो किनारा वाळूचा आहे, तर कवडी ही समुद्री गोगलगाय असून ती पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंतच्या उष्ण, उथळ पाण्यात प्रवाळांच्या सपाट खडकांवर, मृत प्रवाळांच्या तुकड्यांखाली आणि ओहोटीच्या डबक्यांत राहून शेवाळ खाते. मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून राखण करते, म्हणून अशा ठिकाणी उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याला जवळची अशी जागा म्हणजे लक्षद्वीप, आणि त्याच्या दक्षिणेला मालदीव. १३४३ मध्ये मालदीवला पोहोचलेल्या मोरोक्कोच्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेत असल्याचे नोंदवले आहे. आपल्याकडे ‘कवडीमोल’ म्हणजे क्षुल्लक. त्या बेटांवर मात्र तिच्यावर चूल पेटत असे.

लिंबू मात्र मुळीच लावू नये. कवच चुन्याचे असल्याने आम्लाने ते विरघळते आणि गेलेली चकाकी परत आणायला आता आतला जीव नाही. ओल्या मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवावे. पाठीचा थर झिजून जांभळी छटा दिसत असेल, तर ती खालच्या थराची आहे. तो डाग समजून घासू नये.