पान गहाळ नाही, पण टोन आधी बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. सोळाव्या शतकातल्या व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराच्या ‘मॅग्निफिकात’ची स्वरलिपीची प्रत ‘एत एक्सुल्ताव्हित’ या दुसऱ्या कडव्यापासूनच सुरू होते, पहिलं पान छापायचं राहिलं का, हाच प्रश्न मी अकरा वर्षांपूर्वी विचारत फिरत होतो.

पान राहिलेलं नाही. सायंप्रार्थनेत मरियेचं हे स्तोत्र आळीपाळीने गायची रीत होती. एक कडवं चांटमध्ये, म्हणजे सगळ्यांनी एकाच पारंपरिक सुरावटीत, पुढचं चार आवाजांत (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास). शेवटची ‘ग्लोरिया पात्री’ ही स्तुती धरून कडवी बारा. तुमच्याकडे सम क्रमांकाची सहा आहेत. रोममध्ये १५८१ साली छापलेल्या संग्रहात व्हिक्टोरियाने आठही टोनांसाठी, म्हणजे चांटच्या ठरलेल्या आठ सुरावटींसाठी, दोन-दोन रचना दिल्या, एक विषम कडव्यांची, एक सम. त्याच काळातल्या पॅलेस्त्रिना या संगीतकाराच्या १५९१ च्या संग्रहातही तसंच आहे.

आमच्या गायकवृंदाने प्रत विकणाऱ्या कार्यालयाला तीन मेल केले. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, ‘प्रत पूर्ण आहे.’ बस. उरलेली कडवी चांटमध्ये गायची असतात, एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं? अजूनही राग येतो.

पण खरी चूक आमचीच. चांटचा कागद कुणीतरी दुसरीकडून आणला, दोघा बासवाल्यांनी तो वेगळा बसवला, आणि दोन्ही एकत्र आलं थेट रंगीत तालमीत. रचना आठव्या टोनची, चांट पहिल्या टोनचा! चांट संपला की पुढचा स्वर कुणालाच सापडेना. घाबरून आम्ही चांट गाळला आणि सहाच कडवी गायलो. कार्यक्रमानंतर लॅटिन जाणणाऱ्या एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, “भुकेल्यांना तृप्त केलंत, पण दीनांना उंच केलं ते कुठे गेलं?” ती ओळ ‘देपोसुइत’ या सातव्या कडव्यातली, म्हणजे चांटची. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून शीर्षकात ‘ऑक्ताव्ही तोनी’ असेल तर चांटही आठव्याच टोनचा घ्या, आणि पहिल्या तालमीपासून दोन्ही एकत्र गा. स्तोत्रसंहितेतल्या साध्या स्तोत्रात चांटची सुरुवातीची चढण पहिल्याच कडव्याला असते, इथे मात्र ती प्रत्येक कडव्याला घ्यायची. टेनरकडे लक्ष द्या, चार आवाजांच्या कडव्यांतही चांटची सुरावट बऱ्याचदा तिथे सापडते. ती ओळखू आली की सगळ्यांचे प्रवेश सोपे होतात.

मी अभ्यासक नाही, टेनरमधला हौशी गायक आहे. तुमचे संचालक वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. पण माझ्या मते चांट गाळून हे गायचं म्हणजे अर्धी प्रार्थना गिळणं.

आणि सोप्रानोंचा गळा ताणला जात असेल तर मूळ छपाईतल्या क्लेफ (ओळींवरचे स्वर ठरवणारी सुरुवातीची चिन्हं) बघा. त्या उंच असतील तर रचना साधारण ‘सा’पासून खालच्या ‘प’पर्यंत जेवढं अंतर असतं तेवढी खाली गायची पद्धत होती, त्यामुळे पट्टी बिनधास्त उतरवा. फक्त चांटही तेवढाच खाली आणा.