तेल्यातून वाचलेल्या झाडाची गुटी बांधावी का?

प्रश्न : ताई, माझी भगवा वाणाच्या डाळिंबाची ३४० झाडं आहेत, सगळी एकाच ठिकाणच्या गुटी कलमांची (झाडावरच्याच फांदीची साल काढून, तिथं ओलं शेवाळ बांधून मुळं फोडलेली रोपं). गेल्या मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहारात, तेल्या रोगानं बाग गेली. पण पश्चिमेच्या कडेची सहा झाडं हिरवीगार राहिली, त्यांची फळंसुद्धा बाजारात गेली. या काटक झाडांच्या गुट्या बांधून नवे दोन एकर लावायचा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : दादा, दोन एकरांसाठी त्या झाडांना एवढ्यात सुतळी लावू नका. तुमचा मोह मला कळतो, कारण मीही हेच केलं होतं. आमच्या सांगोल्याच्या बागेत तेल्या आला तेव्हा बांधावरचं एकच झाड उभं राहिलं. त्याच्या १२० गुट्या बांधल्या, ९७ ना मुळं फुटली. रोपं खालच्या काळ्या रानात लावली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पानांवर तेलकट ठिपके आले. फळं लिंबाएवढी असतानाच तडकली. पुढं त्या बांधावर उभं राहून पाहिलं तेव्हा उमगलं. तिथं मुरूम होता, पाणी ठरत नव्हतं, वारा थेट यायचा, पाऊस उघडला की पानं लगेच कोरडी व्हायची. तेल्याच्या जिवाणूला ओलं पान लागतं, आणि त्या झाडाचं पान ओलं राहतच नव्हतं. तुमची सहाही झाडं एकाच कडेला आहेत, म्हणून मला शंका येते.

गुटीचं रोप म्हणजे मूळ झाडाचीच फांदी. एकाच मातृवृक्षाची, म्हणजे ज्याच्या फांद्यांवर गुट्या बांधल्या त्या झाडाची, कलमं असतील तर तुमची ३४० झाडं रक्तानं एकच आहेत, आणि भगव्यात तेल्याला दाद न देण्याची ताकद नाही. बियांच्या रोपांची गोष्ट वेगळी, तिथं प्रत्येक रोप निराळं निघतं. पुण्यात १९३६ साली आळंदी वाणाच्या रोपांतून पुढचा गणेश वाण निवडता आला तो त्यामुळेच. कलमांच्या बागेत एखाद्या डोळ्यात (फांदीवरच्या कोंबात) आपोआप बदल होऊन वेगळी फांदी येते, पण क्वचित.

मग कलमांच्या बागेत मातृवृक्ष निवडताना मी काय बघते? आधी बाग, नंतर झाड. ज्या बागेत तेल्या येऊन गेला, तिथलं देखणं झाडही मी घेत नाही. जिवाणू डोळ्यात दडून असतो, वरून काही दिसत नाही, आणि गुटीबरोबर तो नव्या रानात जातो. निरोगी बागेतल्या झाडावर क्रमांक टाकून तीन बहार वहीत नोंद ठेवते : फळं किती, रंग कसा, किती तडकली, ताण सोडल्यावर (तोडलेलं पाणी पुन्हा दिल्यावर) फूट एकसारखी आली का. फांद्यांच्या पेरावर काळा चट्टा दिसला, किंवा फांदी पेरातच मोडली, की ते झाड बाद. एकच फांदी पिवळी पडत असेल तर मर रोगाची शंका धरून बुंध्याजवळचं लाकूड तासून बघते. आत करडा-तपकिरी डाग असला की तेही बाद. मुळं उकरून सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक किड्यांच्या) गाठीही पाहते. निवडलेल्या झाडावर त्या वर्षी फळ धरत नाही. फळांनी थकलेल्या झाडाची गुटी उशिरा मुळं धरते, हा माझा अनुभव. साल काढायचा चाकू दर झाडाला सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायचा. मजूर कंटाळतात, म्हणून हे काम मी स्वतः करते.

तरीही त्या सहा झाडांवर तुमचा जीव आहे, तर त्यांची परीक्षा घ्या. प्रत्येकाच्या दोन अशा बारा गुट्या बांधा आणि बागेच्या मध्यावरच्या रोगट झाडांच्याही बारा. बागेत जिथं तेल्या सगळ्यात जास्त आला, तिथल्या मोकळ्या जागी एकाच ओळीत, एकाच ठिबकवर, एक याचं एक त्याचं अशी लावा. यातलं एकही रोप बागेबाहेर नेऊ नका, शेजाऱ्यानं मागितलं तरी देऊ नका. दोन पावसाळे जाऊ द्या. कडेच्या झाडांची रोपं तेव्हाही स्वच्छ राहिली आणि त्यांना लागून असलेली काळवंडली, तर मला कळवाच, आणि सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रालाही ती झाडं दाखवा. नव्या दोन एकरांसाठी मात्र तेल्या न आलेल्या बागेतली रोपं बघा. घेण्याआधी ती बाग भर पावसाळ्यात स्वतः फिरून या.