खालच्या कवळीला दोन इम्प्लांट पुरतात, की सहा घालून फिक्स दातच करावेत?

तुमच्या आईंचं वय ७२, दोन्ही जबड्यांत कवळी. वरची छान बसलीय, खालची घास चावला की उचलली जाते. एक डॉक्टर म्हणतात दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, घालून कवळी त्यांवर अडकवू; दुसरे म्हणतात सहा घाला आणि फिक्स दातच करून टाका. मी डॉक्टर नाही. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो आणि मोडलेल्या जोडतो, त्यामुळे तोंडं कमी आणि कवळ्या जास्त बघितल्यात. तेवढ्या अधिकारावर सांगतो: तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दोनवालेच पटतात.

खालचीच हलते यात आईंची काही चूक नाही. वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो, लाळेच्या पातळ थरावर ती चिकटून राहते. खालचीला मिळते हिरडीची अरुंद पट्टी, आणि मध्ये जीभ. बोललं, गिळलं की जीभ आणि गाल तिला ढकलतात. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून पहिली पाच-सहा वर्षं बरी चाललेली कवळी पुढे डगडगायला लागते.

दोन इम्प्लांट म्हणजे गरिबाघरची तडजोड, असं कुणी सुचवलं असेल तर ते डोक्यातून काढा. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी बसून हेच ठरवलं होतं की खालचा जबडा पूर्ण बिनदाताचा असेल, तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा. टायटॅनियमचे हे स्क्रू पुढच्या भागात, साधारण सुळ्यांच्या जागी बसवतात. तिथलं हाड म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकतं, आणि ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागे बाहेर पडते, म्हणून ती सांभाळता येते. हाड स्क्रूला घट्ट धरायला साधारण तीन महिने देतात. मग स्क्रूवर छोटं बटण बसवतात, कवळीच्या पोटात धातूची वाटी आणि तिच्यात नायलॉनची टोपी. दाबली की ब्लाउजच्या टिचबटणासारखी टक्कन बसते. जुनी कवळी चांगली असेल तर कधी कधी तिच्यातच वाट्या बसवता येतात, नवी करावी लागत नाही.

एक मात्र आईंना आधीच सांगून ठेवा. कवळी उडायची थांबते, पण चावण्याचा बराचसा भार हिरडीवरच राहतो. शेंगदाण्याचा कण खाली गेला की टोचणारच. आणि रात्री ती काढून पाण्यात ठेवायचीच.

आता लॅबमध्ये काय येतं ते सांगतो, कारण सल्ला देताना हे सहसा कुणी बोलत नाही. एक, झिजलेल्या टोप्या. नवी टोपी कडक आणि गुळगुळीत असते. वापरलेलीची कड चेपलेली, आतून खरवडलेली. या टोप्या अधूनमधून बदलाव्याच लागतात, कुणाच्या वर्षात, कुणाच्या त्याहून उशिरा. दोन, तडकलेल्या कवळ्या. वाटीसाठी जागा कोरली की तिथलं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, पातळ होतं, आणि तडा हमखास तिथूनच सुरू होतो. आत धातूची जाळी घातली तर हा त्रास बराच कमी होतो. ‘जाळी घालणार ना?’ एवढं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. सुचवायला आम्हीही सुचवतो, पण पेशंटने विचारलं की वजन पडतं.

फिक्स दात वाईट असं मी म्हणत नाही. कवळी काढून ठेवण्याची कल्पनाच ज्यांना सहन होत नाही, हाड भरपूर आहे, खर्चाची तयारी आहे, त्यांनी जरूर करावेत. पण त्यांच्याखालची सफाई बारीक ब्रशने, आरशासमोर, रोज करावी लागते. ७२ व्या वर्षी जमेल. पुढे हात थरथरायला लागले तर? कवळी काढून सून किंवा बाईही धुऊ शकते. सांधेदुखीने बोटं वाकली असतील, तर मात्र टोप्या फार घट्ट देऊ नका म्हणावं, नाहीतर कवळी निघायचीच नाही. वरच्या कवळीला तर हातच लावू नका, ती बसतेय ना!

काहीही ठरवण्याआधी दुसऱ्या कुणा डेंटिस्टला सध्याची खालची कवळी दाखवा. कधी कधी दोष कवळीतच असतो. आतून नवा थर दिला किंवा नीट नवी केली तरी भागतं. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट न्या. मिश्री किंवा तंबाखू असेल तर लपवू नका. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील, विशेषतः वर्षातून एकदा शिरेतून देतात ते इंजेक्शन घेतलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. त्या औषधांवर असताना जबड्यात शस्त्रक्रिया केली तर क्वचित जखम भरत नाही, हाड उघडं पडू शकतं.

खर्चाचा एकच मोठा आकडा ऐकून घरी येऊ नका. स्कॅन, इम्प्लांट, बटणं-वाट्या, कवळी असं वेगवेगळं लिहून मागा. इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि मापाचं कार्डही मागून ठेवा. उद्या गाव बदललं, तर त्या कार्डाशिवाय नव्या डॉक्टरला जुळणारी टोपी शोधताना नाकीनऊ येतात. मुंबईत असाल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत रुग्णालय, विदर्भात असाल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, इथेही चौकशी करा. खेपा जास्त पडतात, वेळ लागतो, पण खाजगीपेक्षा स्वस्त पडतं.