काळा कोट की फायली?

प्रश्न : मुलगी इंदूर खंडपीठात सरकारी वकील आहे. गृह खात्यात राष्ट्रीय सुरक्षा प्रकरणांचा विधी कक्ष सांभाळायला तिला बोलावताहेत. कोर्ट सोडून नुसत्या फायली उपसायच्या का? (एक आई, इंदूर)

उत्तर : ताई, मी त्याच कामातून निवृत्त झालो. फायली खऱ्या, पण प्रत्येकीला मुदत! १९८० च्या रासुकात, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात, एखाद्याला खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या कलेक्टरच्या आदेशाला १२ दिवसांत राज्य शासनाची मंजुरी नसेल, तर तो संपला. स्थानबद्धतेपासून ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जायला हवं; डांबायला पुरेसं कारण आहे का, हे ते मंडळ तपासतं. तिथे स्थानबद्धाला वकिलाचा हक्क नाही. म्हणून टिपण प्रामाणिक लागतं. हाताखालचे कच्चे मसुदे परत पाठवणं आणि साहेबांना तोंडावर ‘हे टिकणार नाही’ सांगणं, हीच खरी नोकरी. युक्तिवादाचीच हौस असेल तर तिने जाऊ नये. मुक्काम भोपाळचा, शनिवारची इंदूर बस मात्र ठरलेली.