पोरीला उंदराच्या मेंदूवर काम करायचंय, मग गणित सोडू द्यायचं का?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. आर्णीजवळचं गाव, कपाशी-तुरीची कोरडवाहू शेती, पोरगी अकरावी सायन्सला, चारही विषय घेतलेले, अन् क्लासवाले म्हणून राहिले की गणित टाकून द्या, नीटला त्याचं काय काम. इकडे पोरगी म्हणते मला डॉक्टर व्हायचंच नाही, उंदराच्या मेंदूत लाइट टाकून त्याला स्पर्श कसा समजतो ते पाहायचंय. तुम्ही लिहिलं, "आम्ही वावरात उंदीर मारायचं औषध टाकतो अन् इले त्याचा अभ्यास करायचाय, यात पोट भरते काय?" वहिनींचं वेगळंच, गणपतीच्या वाहनाला त्रास देणं बरं नाही.

आधी गणिताचं सांगतो, सोडू देऊ नका. काहून ते कळायला हे काम नेमकं काय असतं ते थोडं समजून घ्या, कारण पोरगी जे बोलून राहिली ते खूळ नाही.

उंदराला डोळ्याने फार काही दिसत नाही, रात्री बिळात तर नाहीच. तो मिशांनी जग चाचपतो, सेकंदाला पाच-दहा, कधी पंधरा वेळा मिशा पुढे-मागे फिरवत राहतो, अन् एवढ्यावर त्याला भोक केवढं आहे, समोरचं खरबरीत आहे की गुळगुळीत हे समजतं. १९७० साली वूल्सी आणि व्हॅन डर लूस या दोघांना मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पिंपासारखे पेशींचे गोल पुंजके दिसले, म्हणून त्या भागाला बॅरल कॉर्टेक्स म्हणतात. मजा अशी की मोठ्या मिशीला प्रत्येकी एक पुंजका, मिशांच्या रांगा जशा तशाच पुंजक्यांच्या रांगा, सातबाऱ्यावर जसा प्रत्येक तुकड्याचा गट नंबर वेगळा तसं. डाव्या मिशीची खबर उजव्या मेंदूत जाते हा अजून एक भाग. म्हणून जगभरच्या लॅब स्पर्शाच्या अभ्यासाला उंदीर घेतात: कोणती मिशी हलवली अन् मेंदूत नेमकं कुठं हललं ते जुळवता येतं.

आता लाइटचं. रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवायला सांगा पोरीला. बोट लाल दिसेल, कारण लाल प्रकाश मांसातून आरपार येतो, निळा-हिरवा मधेच अडकतो. लालच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड अजून खोल जातो. टू-फोटॉन मायक्रोस्कोप हेच वापरतो: लेसरचे इतके बारीक झटके मारतो की प्रकाशाचे दोन कण जवळपास एकाच क्षणी एका रेणूवर पडतात अन् दोघांची एनर्जी मिळून तो चमकतो, पण फक्त जिथं फोकस आहे तिथंच, त्यामुळे जिवंत मेंदूत अर्धा मिलिमीटर खालची एकेक पेशी स्वच्छ दिसते. हे असं होऊ शकतं हे मारिया गोपर्ट-मायर नावाच्या बाईने १९३१ मध्ये कागदावर गणित करून सांगितलं होतं, तेव्हा लेसर नावाची वस्तूच नव्हती, मायक्रोस्कोप बनला १९९० मध्ये. या बाईंना पुढे दुसऱ्या कामासाठी फिजिक्सचं नोबेल मिळालं, पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी बिनपगारी काम केलं. हे तुमच्या पोरीला मुद्दाम सांगा.

पेशी चमकते कशी, तर जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनमध्ये फेरफार करून असं प्रोटीन बनवलंय की पेशी कामाला लागली, आत कॅल्शियम वाढलं, की ते उजळतं. मिशी हलली की पेशी लुकलुकते अन् तुम्ही स्क्रीनवर पाहता. अन् उलटंही करता येतं. पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळात प्रकाश ओळखणारं प्रोटीन आहे, चॅनलरोडॉप्सिन, ते उंदराच्या मेंदूपेशीत घातलं की निळा लाइट टाकल्याबरोबर पेशी स्वतःच सिग्नल देते. २००८ मध्ये आलेल्या एका प्रयोगात मिशी न हलवता बॅरल कॉर्टेक्समधल्या साधारण ३०० पेशींना असा एकच झटका दिला, तरी शिकवलेल्या उंदराला तो समजला अन् बक्षीस कुठल्या बाजूला आहे ते त्याने बरोबर निवडलं. म्हणजे आधी नुसतं पाहायचे की स्पर्श झाला तर कोणती पेशी पेटते, आता पेशी पेटवून विचारता येतं की बाबा तुला काही जाणवलं काय.

आता सांगा भाऊ, यात बायो किती अन् फिजिक्स-गणित किती? लेसर अन् लेन्स जुळवायचं काम ऑप्टिक्सचं, अन् एका प्रयोगातून जो डेटाचा ढीग निघतो तो कॉम्प्युटरवर कोड लिहूनच उपसावा लागतो. माझ्याकडे बायोचे हुशार पोरं येतात, गणित सोडलेले, अन् एमएस्सीला गेल्यावर ग्राफ पाहून घाबरतात. क्लासवाल्यांचा हिशेब नीटच्या रिझल्टच्या बॅनरचा आहे, त्यांच्या जागी तो बरोबर असेल, तुमच्या पोरीचा हिशेब वेगळा आहे.

पुढचा रस्ता: बारावीनंतर आयसर, म्हणजे सायन्सचं शिक्षण अन् संशोधन दोन्ही चालणारी केंद्र सरकारची संस्था, पुण्याला एक आहे अन् देशात एकूण सात. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, त्यासाठी आयएटी नावाची परीक्षा, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्सचे १५-१५ असे ६० प्रश्न, तीन तास, कॉम्प्युटरवर, चुकलं तर एक मार्क कापतात. गणित सोडलं तर चौथा हिस्सा पेपर अंदाजाने सोडवावा लागेल. नीट द्यायची तर तीही देऊ द्या, अभ्यास बराचसा तोच आहे. आयसर नाही लागलं तर अमरावती-नागपूरला फिजिक्स घेऊन चांगली बीएस्सी करून एमएस्सीला बाहेर जाता येतं, तो रस्ताही कमी नाही. पुढे पीएचडीला मुंबईचं टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस अन् आयआयएस्सी, हरियाणात मानेसरला एनबीआरसी, या संशोधन संस्थांत मेंदूवर काम चालतं.

पोट भरते काय? पीएचडी करताना फी भरून शिकायचं नसतं, उलट फेलोशिप मिळते, सुरुवातीची फेलोशिप, तिला जेआरएफ म्हणतात, २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पण कधीकधी ती उशिरा येते, अन् तिथपर्यंत पोचायला बारावीनंतर पाच वर्षं, मग पीएचडीची अजून पाच-सहा. त्यानंतर प्रोफेसरच्या जागा थोड्या आहेत, सगळ्यांना मिळत नाहीत, हे मी गोड करून सांगणार नाही. ज्यांना नाही मिळत ते डेटाच्या कामात, मेडिकल यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत जातात, रिकामे कमीच बसतात. धाकट्याचं शिक्षण अन् कर्ज दोन्ही तिच्या लवकर लागणाऱ्या पगारावर टेकलं असेल तर मात्र आत्ताच घरात बसून बोला, नंतर तिला मधूनच ओढू नका.

वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. लॅबमध्ये मनात आलं म्हणून उंदरावर काही करता येत नाही, प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ऑपरेशन भूल देऊनच होतं. पण बऱ्याचदा शेवटी उंदीर मारावाही लागतो, मेंदूचे काप पाहायला. पोरीला हे आत्ताच माहीत पाहिजे. तिला ते झेपत नसेल तर मेंदूचंच काम नुसत्या डेटावर करणारे लोकही आहेत, अन् तिथं तर गणिताशिवाय पानच हलत नाही.

एक कागदाचं काम राहिलं. तुम्ही ओबीसी लिहिलंय, तर नॉन क्रिमीलेयर केंद्राच्या नमुन्यातलं काढा, राज्याचं आयसरला चालत नाही. आयएटीचे फॉर्म मार्च-एप्रिलमध्ये निघतात, त्याच्या आधी तहसीलला विचारून ठेवा, जूनमध्ये सेतूवर रांग कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू.