काकांचा जुना फ्लॅश, अर्धा काळा फोटो आणि फ्लेमिंगो

प्रश्न : सर, काकांकडे रोलच्या कॅमेऱ्याच्या वेळचा एक फ्लॅश पडून आहे, एकदम चालू कंडिशन. माझ्या डिजिटलवर फिट बसतो पण एक मित्र म्हणतो कॅमेरा जळेल. सोसायटीचा गणपती तोंडावर आलाय, लावू का?
(कॉलेज विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : थांब, आधी व्होल्टेज बघ. मित्र अगदीच फेकत नाहीये, जुन्या काही फ्लॅशच्या पिनवर २०० व्होल्टच्या वर ट्रिगर व्होल्टेज असतं, तेव्हाच्या कॅमेऱ्यात साधा धातूचा कॉन्टॅक्ट असायचा म्हणून चालून जायचं, आता तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसलंय. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये २५० व्होल्टपर्यंत चालेल असं लिहितात, पण जुन्या काही डिजिटल बॉडीजना ६ व्होल्टच्या वर नको असतं, तेव्हा आधी आपलं मॅन्युअल काढून वाच. मग सोसायटीच्या वायरमनकडून मल्टिमीटर माग. फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता सेल घालून चालू कर, रेडीचा दिवा लागू दे, मीटर डीसीवर ठेव, एक प्रोब खालच्या मधल्या पिनला आणि दुसरा पायाच्या बाजूच्या धातूच्या पट्टीला. पाच-सहा व्होल्ट आले तर बिनधास्त लाव. दीडशे-दोनशे आले आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर काकांना साभार परत. आणि काहीही झालं तरी फ्लॅश उघडून बघू नकोस, आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही बराच वेळ भरलेला असतो, झटका जोरदार बसतो.

टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणं) मात्र विसर. रोलच्या जमान्यात कॅमेरा फिल्मवरून परत येणारा प्रकाश मोजायचा, डिजिटलवाले आधी एक छोटा प्री-फ्लॅश मारून हिशोब करतात, तो जुन्या फ्लॅशला कळत नाही. पण त्याच्या पुढच्या बाजूला छोटा सेन्सर आणि मागे ऑटोची खूण असेल तर तू नशीबवान आहेस, डायलवर एएसए (म्हणजे आपला आयएसओ) लाव, तो सांगेल ते अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावर ठेव, किती प्रकाश टाकायचा ते फ्लॅश स्वतःच ठरवतो. ऑटो नसेल तर गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले मीटरमधलं अंतर, उत्तर येईल ते अ‍ॅपर्चर. नंबर २८ असेल तर ५ मीटरवर एफ ५.६, आयएसओ १०० ला. आयएसओ ४०० केला की नंबर दुप्पट.

आरतीला फ्लॅश तोंडावर मारू नकोस, चेहरे पिठासारखे पांढरे येतात आणि निरांजनाचा उजेड गायब. फ्लॅशचं डोकं वर फिरवून छतावर मार, आयएसओ ८००, शटर १/६०. फक्त वर बघून घे, आपल्याकडे मंडपाला गुलाबी नाहीतर केशरी कापड लावतात आणि मग अख्खी कमिटी गुलाबी येते. तसं असेल तर बाजूची पांढरी भिंत शोध.

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्यात नवीन मिररलेसवर साधा मॅन्युअल फ्लॅश लावला, बऱ्याच फोटोंत खालचा भाग काळा आला. कॅमेरा बिघडला का?
(वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : नाही हो, शटर स्पीड जास्त होता. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असतो, त्याच्या पुढे गेलात की शटर पूर्ण उघडतच नाही, नुसती फट सरकत जाते आणि फ्लॅश तेवढ्यातच पेटून विझतो. कंपनीचा फ्लॅश असता तर कॅमेऱ्याने स्वतःच स्पीड खाली आणला असता, पण एका पिनच्या फ्लॅशची त्याला ओळखच नसते. १/१६० वर ठेवा आणि विसरा. सायलेंट शटर बंद ठेवा, नाहीतर बहुतेक मिररलेसवर फ्लॅश पेटतच नाही, आणि व्ह्यूफाइंडर अंधारा दिसला तर मेनूत जाऊन एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा.

प्रश्न : खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी कोणता फ्लॅश घेऊ? बजेट पंधरा हजार.
(वाचक, सीवूड्स)

उत्तर : कुठलाच नको. गाइड नंबर ६० चा दणकट फ्लॅश घेतला तरी एफ ६.३ ला आयएसओ १०० वर जेमतेम साडेनऊ मीटर, फ्लेमिंगो त्याच्या कितीतरी पलीकडे, आणि पोहोचला तरी पक्ष्यांच्या डोळ्यांवर कशाला मारायचा. त्यापेक्षा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावरून बोटीने जा, वेळ भरती-ओहोटीवर ठरते, ती आधी विचारून घ्या.